आरतीतली राही, महाभारतातले राही

लहानपणी कितीतरी वर्षं मी धरून चालले होते की दूरदर्शनवरचं महाभारत एका बाईनं लिहिलंय. कारण साधं होतं. आमच्या घरी रोज दिवेलागणीला ‘युगे अठ्ठावीस’ व्हायची आणि तिच्यात ‘राही रखुमाबाई राणीया सकळा’ ही ओळ यायची. राही म्हणजे रखुमाईची सवत, देवाची दुसरी राणी, एवढं आजीनं सांगून ठेवलं होतं. मग रविवारी सकाळी मालिकेच्या सुरुवातीला ‘राही’ हे नाव दिसलं की वाटायचं, बरोबरच आहे, कृष्णाची गोष्ट राहीशिवाय कोण लिहिणार? पुढचे दोन शब्द वाचून होईतो पाटी निघून जायची.

हा घोटाळा कॉलेजात गेल्यावर सुटला. मिरजेत सतारी करणाऱ्यांची जुनी गल्ली आहे. मैत्रिणीचा तंबोरा दुरुस्तीला टाकायला गेलो होतो, तिथले म्हातारे चाचा भोपळ्याला कागद घासत रेडिओवर जगजित सिंगांची गझल ऐकत होते. ‘हम तो हैं परदेस में, देस में निकला होगा चाँद.’ मी विचारलं, कुणाची? म्हणाले, राहीसाहेबांची, ते महाभारतवाले. साहेब? मी चमकले. ‘राही म्हणजे वाटसरू, बेटी. शायराचं टोपणनाव आहे.’ घरी येऊन मी आजीला हे सांगितलं नाही. तिची राही तिच्यापाशी राहू दिली.

पुढे बरीच वर्षं या माणसाशी माझा संबंध तेवढाच राहिला. मग मुलगी दहावीत गेली आणि तिच्या सीबीएसईच्या हिंदी पूरक पुस्तकात ‘टोपी शुक्ला’ नावाचा धडा निघाला.

धड्यात एक प्रसंग आहे. डॉक्टर शुक्लांचं घर, खाऊनपिऊन सुखी, टेबल-खुर्चीवर जेवणारं. मधल्या मुलाला, टोपीला, वांग्याचं भरीत आवडलेलं असतं. तो सहज म्हणून जातो, ‘अम्मी, जरा भरीत.’ आणि टेबलावरचे सगळे हात जिथल्या तिथे थांबतात. अम्मी? हा शब्द या घरात शिरला कुठून? आजी ताटावरून उठते. शब्द आलेला असतो टोपीच्या मित्राच्या, इफ्फनच्या घरून. मग आई पोराला बडव बडव बडवते, आणि विचारत राहते, पुन्हा जाशील त्या घरी? पोरगं दर वेळी म्हणतं, हो.

माझी मुलगी म्हणाली, ‘यात एवढं काय चुकलं त्याचं? मी नाही का तुला कधी आई म्हणत, कधी मम्मा?’ मला पटकन उत्तर सुचेना. म्हणून मी लेखकाच्या नावावर बोट ठेवलं. ‘हे बघ, हे ते महाभारतवाले.’ लॉकडाऊनमध्ये तिनं ती मालिका आजोबांबरोबर पाहिली होती. म्हणाली, ‘मैं समय हूँ?’ म्हटलं, तेच.

त्या दिवसापासून मी राही मासूम रझांना शोधत गेले.

जन्म 1927 चा. मूळ गाव गंगौली, जिल्हा गाझीपूर, उत्तर प्रदेशाचं पूर्वेकडचं टोक. गाझीपुरात गुलाब आहेत, इंग्रजांनी घातलेला अफूचा कारखाना आहे, लॉर्ड कॉर्नवॉलिसची कबर आहे आणि गंगा आहे. घराणं शिया सय्यदांचं, म्हणजे पैगंबरांचा वंश सांगणाऱ्यांचं, जमीनदार. वडील गाझीपुरात वकील. नाव सय्यद मासूम रझा. लहानपणीच हाडाचा क्षय झाला, पोर अंथरुणाला खिळलं, आणि पुढे जन्मभर चाल लंगडी राहिली. हातात आलं ते पुस्तक वाचायचं, आणि घरातला नोकर कल्लू काका सांगेल त्या गोष्टी ऐकायच्या, हा दिवसभराचा उद्योग. त्यात ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ होती. ही उर्दूतली अवाढव्य दास्तान, जादूगार, ऐयार म्हणजे वेषांतर करणारे हेर, मायानगऱ्या, एका गोष्टीच्या पोटात दहा गोष्टी. लखनौच्या दास्तानगोंनी सांगितलेली आणि हजारो पानांत छापलेली. पुढे अलीगढला राहींनी पीएच.डी. केली ती हिच्यावरच. त्यांना रस कशात होता, तर अरब-इराणी नावांच्या वीरांच्या या गोष्टींत हिंदुस्थानी रीतिरिवाज, लग्नं, दागिने, जेवणखाण कसं ठासून भरलंय ते दाखवण्यात. नाव परकं, घर इथलं.

घरातलं वातावरण काँग्रेसचं, आणि ही मुलं कम्युनिस्ट. थोरले भाऊ मूनिस रझा पुढे मोठे भूगोलतज्ज्ञ झाले, जेएनयूच्या उभारणीत होते, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. गाझीपूरच्या नगरपालिकेच्या निवडणुकीचा एक किस्सा आहे. वडील काँग्रेसकडून उभे, आणि समोर कम्युनिस्ट पक्षानं दिलेला एक भूमिहीन मजूर. दोन्ही मुलांनी प्रचार केला तो मजुराचा, आणि वडील पडले. वकीलसाहेबांच्या घरी त्या रात्री जेवताना कोण काय बोललं असेल, याची मला फार उत्सुकता आहे. भरिताच्या टेबलापेक्षा ते टेबल निराळं नसणार.

राही आधी शायर. अलाहाबादच्या मासिकांसाठी टोपणनावांनी भराभर लिहिलेल्या रंजक कादंबऱ्यांची मजुरीही त्यांनी केली. आपल्याकडे अशा लेखनाला नाकं मुरडायची पद्धत आहे. मला मात्र वाटतं की वाचकाला पान उलटायला लावण्याची सवय हातात मुरते ती तिथेच. 1857 च्या शताब्दीला त्यांनी त्या उठावावर उर्दूत महाकाव्य लिहिलं. आणि मग 1966 साली आली ‘आधा गाँव’.

ही कादंबरी मी हिंदीतून वाचली, म्हणजे देवनागरीत. लिहिताना राहींनी ती फारसी लिपीत लिहिली होती. मित्रानं ती नागरीत उतरवली आणि हिंदीची एक थोर कादंबरी म्हणून ती छापली गेली. मग ती उर्दू की हिंदी? वाचायला बसलं की कळतं, प्रश्नच चुकला. माणसं बोलतात ती भोजपुरीमिश्रित उर्दू, गंगौलीच्या सय्यदांच्या घरातली, तिला दोन्ही भाषांच्या पंडितांनी आपल्या ओसरीवर बसू दिलं नसतं. सुरुवातीची पन्नास पानं मला जड गेली. मोठ्यानं वाचायला लागले तेव्हा जमलं.

कादंबरी अर्ध्या गावाची, कारण लेखक जेवढं ओळखतो तेवढंच सांगतो. गंगौलीत सय्यदांच्या दोन पट्ट्या, उत्तरेची आणि दक्षिणेची, त्यांची आपसातली चढाओढ, आणि या सगळ्याचं वर्ष मोजायचं ते मोहरमनं. ताजिया कुणाचा उंच, नौहा, म्हणजे शोकगीत, कुणाचा गळा कापणारा, मातम करताना बेशुद्ध कोण पडतं आणि खरोखर पडतं की ढोंग करतं, याची इतकी चविष्ट वर्णनं आहेत की दुःखाचा हा सण त्या पोरांना वर्षभर वाट पाहण्याजोगा का वाटत असेल ते समजतं. मला वाचताना सारखं कडेगाव आठवत होतं. सांगली जिल्ह्यातलं कडेगाव. तिथले गगनाला भिडणारे ताबूत आणि त्यांच्या भेटी पाहायला बाबा आम्हाला घेऊन गेले होते. काही ताबुतांचा मान हिंदू घराण्यांकडे आहे. मी खांद्यावर बसून पाहत होते, आणि कुणाचा ताबूत जास्त उंच यावरून आमच्या आजूबाजूला जी हुज्जत चालली होती ती गंगौलीत खपली असती. फरक एवढाच की गंगौलीचे सय्यद शिया, त्यांचा मोहरम रक्ताच्या नात्याचा. आपल्याकडचा मोहरम बराचसा गावजत्रेचा.

या कादंबरीतलं एक दृश्य मी विसरू शकत नाही. फुन्नन मियाँ नावाचा एक रांगडा, भांडखोर माणूस आहे. 1942 च्या आंदोलनात ठाण्यावर चालून गेलेल्या जमावात त्याचा मुलगा मुमताज गोळीनं मरतो. पुढे हुतात्म्यांच्या गौरवाची सभा भरते. पुढारी भाषणात दोन हुतात्म्यांची नावं घेतात, तोंडभर कौतुक करतात. दोन्ही नावं हिंदू. फुन्नन मियाँ गर्दीतून उठतो आणि आपल्या बोलीत एवढंच म्हणतो की साहेब, इथं माझाही एक पोरगा मेला होता, तुम्हाला कुणी त्याचं नाव सांगितलेलं दिसत नाही, मुमताज होतं त्याचं नाव. राहींनी तिथं एका शब्दाचंही भाष्य केलेलं नाही.

आणि भूमिका! पुस्तकाची भूमिका सुरुवातीला असते ना? राहींनी ती कादंबरीच्या मध्येच, गोष्ट ऐन भरात असताना घातलीय. वाचकाला थांबवून लेखक स्वतः समोर येतो आणि सांगतो की मुसलमान इथले नाहीत असं म्हणणारे म्हणोत, पण मी गाझीपूरचा आहे, गंगौलीशी माझं नातं तुटणारं नाही, ते निव्वळ गाव नाही, माझं घर आहे. समीक्षकांना हा कलादोष वाटू शकतो. मला तो दास्तानगोचा हक्क वाटतो. गोष्ट सांगणारा मध्येच थांबून पानाचा विडा लावतो, श्रोत्यांकडे बघतो आणि म्हणतो, आता मी सांगतोय ते नीट ऐका.

पाकिस्तानचं वारं येतं तेव्हा अलीगढची पोरं मुस्लिम लीगसाठी मतं मागायला गंगौलीत येतात. युद्धावरून परतलेला तन्नू त्यांच्याशी हुज्जत घालतो. द्वेष आणि भीतीच्या पायावर उभी राहिलेली कुठलीच गोष्ट शुभ नसते, असं त्याचं म्हणणं. पण ही फाळणीची कादंबरी म्हणून जी ओळखली जाते तिच्यात गंगौलीचं कंबरडं मोडतं ते फाळणीइतकंच, किंबहुना जास्तच, जमीनदारी गेल्यानं. हाडांच्या शुद्धतेच्या गप्पा मारणाऱ्या सय्यदांना पोटाची सोय बघावी लागते, हवेल्यांच्या भिंती ढासळतात, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना ताजिये उचलायला खांदे मिळेनासे होतात. राही कम्युनिस्ट होते, जमीनदारी जावी असंच त्यांना वाटत होतं. तरी त्या पानांवर ते आपल्या चुलत्या-मावश्यांसाठी रडतात. ही गफलत मला फार आवडते.

शिव्यांबद्दल बोलायलाच हवं, कारण बोंब झाली ती त्यांचीच. ‘आधा गाँव’मधली माणसं शिव्यांवाचून वाक्य पुरं करत नाहीत. जोधपूर विद्यापीठात ती अभ्यासाला लागली आणि अश्लील म्हणून ओरड होऊन काढावी लागली. राहींचं उत्तर असं की माझी पात्रं गीता म्हणणारी असती तर मी श्लोक लिहिले असते. ती शिव्या देतात, मी काय करू? पुढे 1969 मध्ये ‘टोपी शुक्ला’ आली तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं की या पुस्तकात एकही शिवी नाही, पण बहुधा ही अख्खी कादंबरीच एक घाणेरडी शिवी आहे आणि ती मी मोठ्यानं देतो आहे. मुलीच्या धड्यात हे अर्थातच नव्हतं. धड्यात टोपी आणि इफ्फनची आजी आहेत, गोड. संपूर्ण कादंबरीत टोपी मोठा होतो, अलीगढला शिकतो, नोकऱ्यांसाठी वणवण करतो, हिंदूंना मुसलमानांचा वाटतो आणि मुसलमानांना हिंदू, आणि शेवटी आत्महत्या करतो. हे मुलीला सांगावं की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. तिनं तोवर ते इंटरनेटवर वाचलं होतं.

अलीगढ सुटलं ते दुसऱ्या लग्नावरून उठलेल्या वादळात. 1967 च्या सुमाराला राही मुंबईत आले. धर्मवीर भारती, कमलेश्वर, कृश्न चंदर ही लेखक मंडळी मुंबईत होती, दोस्तीला आणि अडीनडीला. पोटासाठी सिनेमाचे संवाद. ‘मिली’, ‘कर्ज’, ‘मैं तुलसी तेरे आँगन की’, शेवटी ‘लम्हे’. आणि ‘गोलमाल’! मिशी असलेल्या आणि नसलेल्या रामप्रसाद-लक्ष्मणप्रसादाचं ते संभाषण आमच्या घरात पाठ आहे. नोकरीच्या मुलाखतीत भवानीशंकरांना गार करणारं ते शुद्ध, सुसंस्कृत, मान खाली घालून बोललेलं हिंदी राहींच्या लेखणीतलं. भाषेचं सोवळं पाळणाऱ्यांची टर उडवण्यासाठी सोवळी भाषा अशी वापरायची की उत्पल दत्तही भुलावा, हे काम ज्याला घरात बोलली जाते ती आणि सभेत बोलली जाते ती भाषा वेगळी हे ठाऊक आहे, त्यालाच जमणार. बांद्र्याच्या घरी माणसांच्या गराड्यात, गाणी चालू असताना, तक्क्यावर पालथं पडून एकाच वेळी तीन-चार पटकथा लिहिणारा हा माणूस रात्री कादंबरीही लिहायचा. ‘सीन 75’ त्यातली. बनारसहून मुंबईत आलेला एक पटकथालेखक पंच्याहत्तरावा सीन लिहायला बसतो आणि तो त्याला काही केल्या लिहिता येत नाही. मुंबईच्या फिल्मी दुनियेवरची इतकी कडू आणि विनोदी कादंबरी मराठीत व्हायला हवी होती, आपल्या उंबऱ्यातली गोष्ट होती ती.

मग महाभारत. बी. आर. चोप्रांनी राहींना विचारलं, त्यांनी वेळ नाही म्हणून नकार दिला. तोवर त्यांचं नाव बाहेर फुटलं होतं आणि चोप्रांकडे पत्रं येऊ लागली, की हिंदू काय सगळे मेले म्हणून मुसलमानाला महाभारत लिहायला बसवता? चोप्रांनी ती पत्रं राहींकडे पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी राहींचा होकार आला: मी गंगेचा मुलगा आहे, हिंदुस्थानची संस्कृती माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक आहे? पत्रं लिहिणाऱ्यांनी नकळत देशाचं भलं केलं, असंच म्हणायचं.

2 ऑक्टोबर 1988 ते 24 जून 1990, चौऱ्याण्णव भाग. सल्लागार म्हणून हिंदी कवी पंडित नरेंद्र शर्मा होते, ते मध्येच, फेब्रुवारी 1989 मध्ये गेले. संहितेसाठी आधार पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचा. सुकथनकर, बेलवलकर प्रभृतींनी आयुष्यं घालून केलेलं ते काम पुरं झालं 1966 मध्ये, म्हणजे ‘आधा गाँव’च्याच वर्षी. नुसता योगायोग, पण मला तो टिपून ठेवावासा वाटतो. पुण्यात भुर्जपत्रांवरचे पाठभेद लावणारे शास्त्री आणि गंगौलीच्या शिव्या कागदावर उतरवणारा उर्दू शायर, दोघांची वाट वीस-बावीस वर्षांनी एका स्टुडिओत मिळणार होती.

गोष्ट सांगणार कोण, हा पेच राहींनी काळाला उभं करून सोडवला. अंधारात फिरणारं चक्र आणि हरीश भिमाणींचा आवाज. आमचे आजोबा पांडवप्रतापाचे वाचक. ते चुका काढायच्या तयारीनं बसत, आणि समय बोलायला लागला की पोथी ऐकताना बसत तसे मांडी घालून, हात जोडून बसत. मला आज वाटतं, तो समय म्हणजे कल्लू काका आहे. कथेच्या आत नसलेला, सगळं ठाऊक असलेला, मध्येच थांबून श्रोत्याला प्रश्न करणारा. व्यासांपेक्षा तो दास्तानगोच्या घराण्यातला जास्त.

आणि ते शब्द: पिताश्री, माताश्री, भ्राताश्री. आज ते द्वापरयुगापासून चालत आल्यासारखे वाटतात. सांगतात की अब्बाजान, अम्मीजान, भाईजान या उर्दू घरांतल्या हाकांच्या घडणीवर राहींनी ते बेतले. आपल्या मराठी कानांना ते खटकले नाहीत, कारण आपल्याकडे मातोश्री आधीपासूनच होत्या. त्या वर्षांत आमच्या वाड्यातली पोरं काठ्यांची धनुष्यं घेऊन दिवसभर एकमेकांना भ्राताश्री म्हणत, आणि माझा भाऊ जेवताना बाबांना म्हणायचा, ‘पिताश्री, जरा लोणचं.’ सगळे हसायचे. कुणाचा हात थांबला नाही, कुणी ताटावरून उठलं नाही. टोपीच्या पाठीवर वळ उठवणारी ती हाक वीस वर्षांनी कपडे बदलून घराघरांत पंगतीला बसली होती.

हे मुलीला सांगितलं तेव्हा तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिल्यासारखं वाटलं. ती म्हणाली, ‘पण मग त्यानं कपडे का बदलायचे?’ माझ्याकडे याचं उत्तर नाही.

राही म्हणायचे, मला तीन आया. एक जन्मदात्री नफीसा बेगम, दुसरी अलीगढ युनिव्हर्सिटी, तिसरी गंगा. पहिली गेली, ती आता नीट आठवतही नाही. उरलेल्या दोघी आहेत आणि आठवतात. एका कवितेत ते सांगतात की माझं नाव मुसलमानासारखं आहे, तेव्हा मला मारा, घर जाळा. पण माझ्या नसांतून गंगेचं पाणी वाहतंय, तेव्हा माझ्या रक्तानं ओंजळ भरा आणि ती महादेवाच्या तोंडावर फेका. 15 मार्च 1992 ला राही मुंबईत गेले. डिसेंबरात मुंबई पेटली, ते पाहायला ते नव्हते.

त्यांनी कवितेत इच्छापत्र लिहून ठेवलंय. मला गाझीपूरला न्या आणि गंगेच्या कुशीत निजवा, असं त्यात आहे. पण त्यांना व्यवहार कळत होता. मरण कदाचित इतक्या दूर येईल की गाझीपूरला नेणं जमणार नाही. तसं झालं, तर त्या शहरात एखादी छोटीशी नदी वाहत असेल, तिच्या कुशीत मला ठेवा आणि तिला सांगा, हा गंगेचा मुलगा आजपासून तुझ्या हवाली.

गाझीपूर मुंबईहून दीड हजाराच्या आसपास किलोमीटर. आणि मुंबईत एक छोटी नदी आहे, राहींच्या बांद्र्याला लागूनच, माहीमच्या खाडीला मिळणारी. 26 जुलै 2005 ला ती घराघरांत शिरेपर्यंत बहुतेकांना तो नाला वाटत होता. गेल्या महिन्यात मुलीला घेऊन लोकलनं बांद्र्याला जात होते. लेडीज डब्यात एक मावशी मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडत होत्या. माहीम सुटलं, पूल आला, खिडकीशी बसलेल्या बाईनं ओढणी नाकाला लावली.

मी मुलीला म्हटलं, ‘ती बघ, ती नदी.’

‘कुठली?’ ती उठून खिडकीशी गेली, पण तोवर गाडी बांद्र्याच्या फलाटाला लागली होती.